‘अनिर्दिष्ट’ या शब्दाआड हरवलेला हर्निया

१० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत एका प्रकाशनाचा समारंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग दाखल झाला आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींतील निदानांना जागतिक संकेतांक मिळाले. या बातमीचे देशभर स्वागत झाले व ते योग्यच होते. मात्र त्या स्वागताच्या गजरात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. जगाच्या वर्गीकरणात आपल्या निदानांना जागा मिळवून देणाऱ्या या देशातील रुग्णालयांत, रोज दिसणाऱ्या एखाद्या सामान्य आजाराचे निदान तरी धडपणे नोंदले जाते काय?

उदाहरण मुद्दाम अगदी साधे घेतो : जांघेतला हर्निया. जुन्या मराठीत याला अंतर्गळ म्हणत. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर येतो, जांघेत फुगवटा दिसतो, खोकल्यावर किंवा ओझे उचलल्यावर तो वाढतो. जगभरात दरवर्षी जांघेतल्या हर्नियाच्या दोन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात. आयुष्यात कधी ना कधी हा विकार होण्याची शक्यता पुरुषांत किमान २७ टक्के, तर स्त्रियांत किमान ३ टक्के मानली जाते. हमाल, ऊसतोड कामगार, बांधकाम मजूर, जुनाट खोकल्याचे रुग्ण, वृद्ध, अपुऱ्या दिवसांची बालके अशा सर्वांना तो गाठतो. इतक्या सामान्य आजाराची नोंद ज्या व्यवस्थेला नीट करता येत नाही, तिच्याकडून दुर्मिळ आजारांच्या नोंदीची अपेक्षा काय करावी?

माझे म्हणणे एका वाक्यात असे : जांघेतल्या हर्नियाबद्दल शल्यचिकित्सकाला जे ठाऊक असते, ते राष्ट्राच्या आकडेवारीपर्यंत पोहोचत नाही, आणि ही गळती कारकुनी किरकोळ बाब नसून तिची किंमत रुग्ण मोजतात.

प्रथम शल्यचिकित्सकाला काय ठाऊक असते ते पाहू. शस्त्रक्रिया संपते तेव्हा त्याला चार गोष्टींची उत्तरे बहुधा मिळालेली असतात. हर्निया उजवीकडे, डावीकडे की दोन्हीकडे? तो इंग्वायनल, म्हणजे जांघेच्या घडीच्या वर उगवणारा. की फीमोरल, म्हणजे घडीच्या खाली, मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशेजारच्या अरुंद वाटेतून येणारा? पहिल्यांदाच झालेला की एकदा दुरुस्त करून पुन्हा उलटलेला? आणि तो सहज आत जाणारा होता, अडकलेला होता, की आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला होता? ही चारही उत्तरे ऑपरेशन थिएटरच्या टिपणात लिहिलेली असतात. डिस्चार्ज कार्डावर त्यांतली दोन उरतात. वैद्यकीय अभिलेख विभागातील कर्मचाऱ्याच्या हाती ते कार्ड जाते आणि तो त्यावर संकेतांक घालतो : के४०.९.

हा के४०.९ काय आहे? आयसीडी-१० मध्ये के४० हा इंग्वायनल हर्नियाचा गट आहे. के४०.९ चा अर्थ : एका बाजूचा ‘किंवा बाजू न सांगितलेला’, अडथळा वा गँगरीन नसलेला हर्निया. या ‘किंवा’कडे लक्ष द्यावे. डॉक्टरांनी तपासून एकाच बाजूला हर्निया आहे अशी खात्री केली, किंवा बाजूचा उल्लेखच केला नाही, तरी संकेतांक तोच. निश्चित ज्ञान आणि संपूर्ण मौन या दोहोंना वर्गीकरणाने एकाच खणात टाकले आहे. उजवा-डावा हा भेद त्यात मुळातच नाही. थेट दुबळ्या भिंतीतून आलेला आणि जन्मतः राहून गेलेल्या वाटेने आलेला, हे दोन्ही प्रकार के४० मध्येच विलीन होतात. पुन्हा उलटलेल्या हर्नियाला वेगळा अंक नाही. अमेरिकेने आपल्या देशापुरत्या आवृत्तीत पाचवा अंक जोडून ही उणीव भरून काढली, तेथे के४०.९१ पाहिले की हर्निया उलटलेला आहे हे कळते. जागतिक आवृत्तीत ती सोय नाही.

याहून गंभीर गोष्ट के४०.३ ची. हा ‘अडथळा आहे, गँगरीन नाही’ असा संकेतांक. यात कोण कोण येते? वर्षानुवर्षे आत न जाणारा पण त्रासही न देणारा हर्निया येतो, अडकलेला येतो, आणि ज्याचा रक्तपुरवठा तुटला आहे पण आतडे अद्याप मेलेले नाही, असाही येतो. पहिल्या रुग्णाला पुढच्या महिन्याची तारीख देता येते. तिसऱ्याला त्याच रात्री टेबलावर घेतले नाही तर सकाळपर्यंत आतडे कापावे लागते. राष्ट्राच्या आकडेवारीत हे दोघे सारखेच. किती तालुक्यांतून किती रुग्ण रात्रीअपरात्री शेवटच्या क्षणी जिल्हा रुग्णालयात पोहोचतात, हे या संकेतांकावरून कोणालाही सांगता येणार नाही. मग रात्रीचा भूलतज्ज्ञ कोणत्या उपजिल्हा रुग्णालयाला हवा, हे कशाच्या आधारावर ठरवणार?

या नोंदींतील धूसरतेचा सर्वांत मोठा फटका स्त्रियांना बसतो. स्त्रियांतही इंग्वायनल हर्नियाच अधिक आढळतो. परंतु फीमोरल हर्नियाचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात बरेच जास्त, विशेषतः उतारवयात. तो लहान असतो, घडीखाली दडतो, तपासणीत निसटतो आणि वाट अरुंद असल्याने चटकन अडकतो. हे जगाला ठामपणे कळले ते कसे? स्वीडनने १९९२ साली राष्ट्रीय हर्निया नोंदवही सुरू केली. तिच्यातील सुमारे चार हजार फीमोरल शस्त्रक्रियांच्या अभ्यासात दिसले की त्यांपैकी सुमारे ३६ टक्के तातडीने कराव्या लागल्या. इंग्वायनल हर्नियात हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच नोंदवहीतून आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड झाली. इंग्वायनल म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक जणींत फीमोरल हर्निया सापडला. पुरुषांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते. म्हणजे ज्याला ‘उलटलेला हर्निया’ म्हटले जात होते, तो कित्येकदा पहिल्या वेळी पाहायचाच राहून गेलेला हर्निया असू शकतो. स्त्रियांच्या जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया शक्य तेथे दुर्बिणीतून करावी, म्हणजे दोन्ही जागा एकाच वेळी दिसतात, असा सल्ला आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे देतात, तो अशाच पुराव्याच्या बळावर.

या शोधासाठी कोणतेही अद्भुत यंत्र लागले नाही. इंग्वायनल आणि फीमोरल यांचे खण वेगळे होते, पहिली व दुसरी शस्त्रक्रिया एकाच व्यक्तीच्या नावे जोडता येत होती, आणि खण भरणारे डॉक्टर ते प्रामाणिकपणे भरत होते. तेवढे पुरले. आयसीडी-१० मध्येही फीमोरलसाठी के४१ हा वेगळा गट आहे. पण डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘हर्निया’ लिहिले असेल, तर संकेतांक देणारा कर्मचारी के४१ कोठून आणणार? तो के४०.९ देईल, किंवा के४६, म्हणजे ‘अनिर्दिष्ट उदरहर्निया’, देऊन मोकळा होईल. दोष त्याचा नाही.

आता या साखळीचे शेवटचे टोक पाहू. एक वृद्ध स्त्री दोन दिवस उलट्या होऊन, पोट फुगलेल्या अवस्थेत रुग्णालयात येते. जांघेत सुपारीएवढी गाठ आहे, पण ती कोणी पाहत नाही, आणि संकोचापोटी तीही सांगत नाही. केसपेपरवर ‘आतड्याचा अडथळा’ असे निदान लिहिले जाते. आयसीडीचा नियम स्पष्ट आहे : अडथळा हर्नियामुळे असेल तर के५६ हा अडथळ्याचा संकेतांक वापरायचा नाही, हर्नियाचाच वापरायचा. पण हर्निया लिहिलाच नसेल तर नियम लागू कोठे होणार? ती दगावली, तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर पहिल्या ओळीत ‘हृदय व श्वसन बंद पडणे’ आणि दुसरीत ‘जंतुदोष’ लिहिले जाईल. मूळ कारणाची ओळ, जिच्यावर सारी मृत्यु-आकडेवारी उभी असते, ती रिकामी राहील. हृदय बंद पडणे हे मृत्यूचे कारण नव्हे, तो मृत्यूच आहे, हे वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. तरी दाखल्यावर ते उतरते. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. त्या तुटपुंज्या भागातही मूळ कारण असे हरवत असेल, तर ‘हर्नियाने भारतात कोण मरते?’ असे म्हणून खांदे उडवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, आपण मोजलेच नाही.

न मोजण्याचा तोटा रुग्णांपुरता थांबत नाही. आपल्या विज्ञानाचाही त्यात तोटा होतो. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या आयात जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून हर्निया दुरुस्त करता येतो, हे दाखवले आणि २००३ साली अनेक केंद्रांवरील अनुभव प्रसिद्ध केला. ग्रामीण शल्यचिकित्सेतील ही मोलाची कामगिरी. पण अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी थेट तुलना करून जगाला पटवणारी यादृच्छिक चाचणी झाली ती युगांडात. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली आणि दोन्ही जाळ्यांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीविना, रुग्णाच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरून करायची पद्धत मांडली. तिची प्रचलित जाळी-पद्धतीशी तुलना करणारी चाचणी २०१२ साली पोलंडमधून प्रसिद्ध झाली. कल्पना आपली आणि कसोटी परक्यांची, असे का व्हावे? याला अनेक कारणे आहेत, पण एक अगदी उघड आहे. हर्नियाच्या कोणत्याही पद्धतीचे यश ठरते ते ‘किती उलटले’ या एका आकड्यावर. आणि तोच आकडा आपली व्यवस्था कोठेही नियमाने नोंदवत नाही. उलटलेला रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या रुग्णालयात जातो, तेथे त्याला पुन्हा के४०.९ मिळतो, आणि पहिली शस्त्रक्रिया कायमची यशस्वी ठरते.

यावर दिली जाणारी उत्तरे ठरलेली आहेत. एकेक तपासू.

पहिले उत्तर : ‘सरकारी योजना आणि विमा आल्याने आता संकेतांक आपोआप सुधारतील.’ आयुष्मान भारत योजनेत पैसे मिळतात ते पॅकेजप्रमाणे, म्हणजे केलेल्या प्रक्रियेच्या नावावर. ज्या तपशिलाने दर बदलत नाही तो कोणी आवर्जून भरत नाही, आणि ज्याने बदलतो तो फुगवण्याचा मोह होतो. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात या योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. जेथे मोबाइल क्रमांकाची ही गत, तेथे निदानाच्या चौथ्या अंकाची शाश्वती कोण देणार? खासगी विम्याची कथा वेगळी नाही. दाव्याच्या नमुन्यात आयसीडी-१० चा रकाना असतो. मात्र ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीच्या प्रतीक्षाकाळाच्या यादीत लिहिलेले असते ‘सर्व प्रकारचे हर्निया’. पैसे देणाऱ्याला हर्नियाचे प्रकार नकोतच. मग रुग्णालयाने ते कोणासाठी लिहावेत?

दुसरे उत्तर : ‘आयसीडी-११ आली की प्रश्न सुटेल.’ नव्या आवृत्तीची रचना खरोखर चांगली आहे. मूळ संकेतांकाला बाजू व इतर तपशील दाखवणारे पूरक संकेतांक जोडता येतात. पण ‘येतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पूरक संकेतांक न जोडताही नोंद पूर्ण मानली जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर बाजू नसेल तर जगातली सर्वोत्तम आवृत्तीही ती ओळखू शकणार नाही. आणि आपल्याकडे साधनांची वानवा तरी कोठे आहे? स्नोमेड सीटी ही अतिशय तपशीलवार वैद्यकीय परिभाषा २०१४ पासून देशाला उपलब्ध आहे. आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. डिजिटल आरोग्य अभियान २०२१ पासून सुरू आहे, प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो आहे. दोन रुग्णालयांतल्या दोन शस्त्रक्रिया एका व्यक्तीच्या नावे जोडण्याची जी सोय स्वीडनकडे तीस वर्षांपूर्वी होती, ती आज आपल्या हाती येऊ घातली आहे. पण जोडायचे काय? दोन ‘अनिर्दिष्ट’ एकत्र जोडून एक ‘निर्दिष्ट’ होत नाही.

तिसरे उत्तर : ‘डॉक्टरांना वेळ नाही.’ ही तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. दिवसाला शंभर बाह्यरुग्ण तपासणाऱ्या निवासी डॉक्टरवर आणखी एक पानी नमुना लादणे हा अन्याय ठरेल. पण येथे मागणी चार खुणांची आहे, आणि त्यांची उत्तरे शस्त्रक्रियेच्या टिपणात आधीच आहेत. खरा तुटवडा वेळेपेक्षा प्रशिक्षित अभिलेख कर्मचाऱ्यांचा आहे. इमारतीवर, यंत्रावर खर्च करताना हात आखडला जात नाही. पण केसपेपर वाचून, शंका आल्यास डॉक्टरांना विचारून, योग्य संकेतांक घालणाऱ्या माणसाचे पद रिकामे राहिले तर कोणी आंदोलन करत नाही.

चौथे उत्तर कधी उघड, कधी आडून दिले जाते : ‘ही संकेतांकांची यादी म्हणजे पाश्चात्त्य कारकुनी, आपली परंपरा माणूस पाहते.’ असे म्हणणाऱ्यांनी आपली परंपरा वाचावी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, बाराव्या अध्यायात, वृद्धिरोगाचे सात प्रकार वेगळे केले आहेत. त्यांत पाणी साठल्याने होणारी मूत्रज वृद्धी वेगळी, आणि भार उचलणे वा अतिश्रम यांनी आतडे खाली उतरून होणारी अंत्रवृद्धी वेगळी. आजच्या भाषेत पहिली हायड्रोसीलशी जुळते, दुसरी हर्नियाशी. लेबल नीट लावल्याशिवाय उपचार ठरत नाही, हे त्या ग्रंथकर्त्याला ठाऊक होते. त्याच्या निदानांना आता जागतिक संकेतांक मिळाला याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याच्या शिस्तीचाही वारसा घ्यावा.

मग काय करावे? मागण्या मोजक्या आहेत.

एक : जांघेतल्या हर्नियाच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर बाजू, प्रकार, पहिला की उलटलेला, आणि अडकण्याची स्थिती या चार नोंदी बंधनकारक कराव्यात. सरकारी योजनेतील देयक त्यांवाचून मंजूर होऊ नये. मात्र त्यांच्या उत्तरावर दर अवलंबून नसावा, म्हणजे खोटे लिहिण्याचे कारण उरणार नाही.

दोन : आयसीडी-११ लागू करताना निवडक सामान्य आजारांसाठी पूरक संकेतांक ऐच्छिक न ठेवता सक्तीचे करावेत. हर्निया त्या यादीत पहिला असावा, कारण तो सर्वत्र आहे आणि त्याची उत्तरे टेबलावरच मिळतात.

तीन : प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने व जिल्हा रुग्णालयाने आपल्या नोंदींतील ‘अनिर्दिष्ट’ निदानांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करावे. शिक्षा नको, केवळ प्रसिद्धी पुरे.

चार : अभिलेख विभागातील पदे भरावीत आणि त्या कर्मचाऱ्याला डॉक्टरांकडे केसपेपर परत पाठवण्याचा अधिकार द्यावा.

यांतील एकाही मागणीसाठी नवा उपग्रह, नवी प्रयोगशाळा वा परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. म्हणूनच कदाचित त्यांची बातमी होत नाही. आपल्याकडे विज्ञानाची बातमी म्हणजे उद्घाटन, प्रक्षेपण किंवा विक्रम. नोंदवहीतला भरलेला रकाना ही बातमी ठरत नाही. पण ज्या पायावर उपचारांचे मूल्यमापन, मनुष्यबळाचे नियोजन आणि मृत्यूचा हिशेब उभा राहतो, तो पाया हाच आहे.

शासन हलेपर्यंत एक गोष्ट आपल्या हाती आहे. आपल्या घरात कोणाची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, तर घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड वाचून पाहावे. त्यावर बाजू आहे काय? इंग्वायनल की फीमोरल, हे लिहिले आहे काय? जाळी बसवली असल्यास तिचे नाव आहे काय? पूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा उल्लेख आहे काय? नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. बहुतेक डॉक्टर तेथल्या तेथे लिहून देतील. आणि कार्ड जपून ठेवावे. दहा वर्षांनी त्याच जांघेत पुन्हा फुगवटा आला, तर तपासणाऱ्या नव्या डॉक्टरांना तोच एक कागद सांगेल की पहिल्या वेळी नेमके काय झाले होते.